युक्तिवाद कसा रचायचा? समोरच्याला पटवून देण्याच्या पाच पद्धती

गणेशोत्सव जवळ आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: ‘रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवावा.’ पाच मिनिटांत उत्तर येतं, ‘सणालाच त्रास होतो का?’ मग कुणी पार्किंगचं जुनं भांडण उकरून काढतं, कुणी ग्रुप सोडतं. स्पीकर वाजतच राहतो.

मुद्दा बरोबर असूनही तो पटत नाही, असं अनेकदा होतं. कारण ऐकणाऱ्याला आधीपासून काय मान्य आहे, याचा विचार न करताच तो मांडलेला असतो. युक्तिवाद रचण्याच्या बहुतेक पद्धती याच अडचणीवर उपाय शोधतात. त्यातल्या पाच महत्त्वाच्या पद्धती पाहू.

१. दावा, आधार आणि मधला दुवा

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली ‘द युजेस ऑफ आर्ग्युमेंट’ या पुस्तकात ही मांडणी दिली. आपण जे पटवू पाहतो तो दावा. तो ज्यावर उभा आहे ती माहिती म्हणजे आधार. आणि त्या माहितीवरून तो दावा का निघतो, हे सांगणारा दुवा.

स्पीकरचंच उदाहरण घेऊ. दावा: दहानंतर स्पीकर बंद हवा. आधार: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावायला मनाई आहे. दुवा: हा नियम सणांनाही लागू आहे. वाद पेटतो तो इथे, कारण हा दुवा बहुतेक वेळा बोललाच जात नाही.

टूलमिन यांच्या मांडणीत अपवादालाही जागा आहे. याच नियमांनुसार राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे ‘दहानंतर कधीच नाही’ असं म्हणणारा एका प्रश्नात अडकतो. ‘सूट असेल त्या दिवशी १२ ला, एरवी १० ला’ असं म्हणणाऱ्याचा मुद्दा टिकतो.

२. न्यायदर्शनाचे पाच अवयव

भारतीय तर्कशास्त्रात, म्हणजे न्यायदर्शनात, दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यासाठी वापरलं जाणारं उदाहरणही प्रसिद्ध आहे.

- प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे.
- हेतू: कारण तिथे धूर दिसतोय.
- उदाहरण: जिथे धूर असतो तिथे आग असते, जसं स्वयंपाकघरात.
- उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे.
- निगमन: म्हणून डोंगरावर आग आहे.

सोशल मीडियावरच्या वादात सर्वात जास्त गळते ती चौथी पायरी. ‘अमुक देशात असंच करतात’ हे झालं उदाहरण. इथली परिस्थितीही तशीच आहे, हे दाखवणं म्हणजे उपनय. तो नसेल तर ‘तिकडचं तिकडे, इकडे काय?’ या एका वाक्यात मुद्दा पडतो. शिवाय जे दिसतंय तो धूरच आहे, धुकं नाही, याची खात्रीही आधी करावी लागते.

३. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

शास्त्रचर्चेच्या परंपरेत आधी विरोधकाची बाजू मांडतात. तो पूर्वपक्ष. त्याला दिलेलं उत्तर म्हणजे उत्तरपक्ष. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथातही संन्यासमार्गी टीकाकारांची भूमिका मांडून मग तिचं खंडन केलेलं दिसतं.

यात एक अट पाळावी लागते. विरोधकाचा सर्वात पक्का मुद्दा घ्यायचा. त्याच्या बाजूचा एखादा फुटकळ मेसेज उचलून त्याची खिल्ली उडवली, तर टाळ्या मिळतात. कुंपणावर बसलेला वाचक मात्र हलत नाही, कारण त्याच्या मनातल्या शंकेला उत्तर मिळालेलंच नसतं.

४. आधी सहमती

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या संवादविषयक विचारांवरून ही पद्धत तयार झाली. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं त्याला वाटेपर्यंत पुढे जायचं नाही. मग दोघांना मान्य असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करायची.

धर्म, जात, पक्ष, भाषा असे विषय आले की माणसाला मुद्द्यावरचा हल्ला स्वतःवरचा वाटतो. तिथे ही पद्धत उपयोगी पडते. ‘उत्सव दणक्यात व्हावा, हे सगळ्यांनाच हवंय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि दहावीची मुलंही त्यात खुश राहतील असं काय करता येईल?’ या प्रश्नावर चर्चा होऊ शकते.

५. समस्येपासून कृतीपर्यंत

पर्ड्यू विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात भाषणासाठी पाच टप्पे सुचवले: लक्ष वेधणं, गरज दाखवणं, उपाय सांगणं, त्या उपायाने काय बदलेल याचं चित्र उभं करणं आणि शेवटी नेमकी कृती मागणं. लोकांना मुद्दा पटलाय, पण कुणी पुढे येत नाही, अशा वेळी ही रचना कामाची. शेवटची मागणी मोघम असेल, तर आधीची मेहनत वाया जाते. ‘सगळ्यांनी विचार करावा’ यापेक्षा ‘रविवारच्या बैठकीत ठराव मांडू’ हे जास्त उपयोगी.

एकाच निवेदनात अनेक पद्धती

प्रत्यक्षात या पद्धती एकत्र कशा येतात, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात दिसतं. आयोग इंग्रज सरकारने नेमलेला होता. म्हणजे ज्यांच्या धोरणावर टीका करायची, त्यांनाच ती पटवून द्यायची होती.

फुले सुरुवात करतात ती पुणे आणि आसपासच्या खेड्यांतल्या शिक्षणकार्याच्या स्वतःच्या अनुभवाने. बोलणाऱ्याला विषय माहीत आहे, हे त्यातून आधीच ठरतं. पुढे ते सरकारच्या तिजोरीकडे वळतात: महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. महसूल कुठून येतो, हे सरकारला नाकारता येणार नव्हतं.

मग येतो पूर्वपक्ष. वरच्या वर्गांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असा तेव्हाचा युक्तिवाद होता. फुले तो समोर ठेवून विचारतात की शिकलेल्या वरच्या वर्गांनी खालच्यांसाठी आजवर केलं काय? शेवटी येतात नेमक्या मागण्या: किमान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेलं प्राथमिक शिक्षणाचं विधेयकही पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशभर ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी तसा हक्क देणारा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं. १८८२ मध्ये फुल्यांनी ज्या झिरपण्याच्या कल्पनेवर बोट ठेवलं होतं, तिच्या भरवशावर शाळेबाहेर राहिलेल्या मुलांच्या पिढ्या तोवर उलटून गेल्या होत्या.