विषय दुसऱ्याचा, दृष्टी आपली

समस्यापूर्ती हा प्रकार आपल्या काव्यपरंपरेत फार जुना आहे. श्लोकाचा एक चरण दिलेला असतो. उरलेले तीन कवीने असे रचायचे की दिलेला चरण मुळात तेथेच जन्मला असावा, असे ऐकणाऱ्याला वाटावे. बल्लाळाच्या भोजप्रबंधातील कितीतरी कथा अशा समस्यांभोवती गुंफलेल्या आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जिनसेनाने तर मेघदूताच्या ओळीच समस्या म्हणून घेतल्या आणि पार्श्वाभ्युदय हे संपूर्ण काव्य रचले. यक्षाच्या विरहाच्या ओळी तेथे तीर्थंकर पार्श्वनाथाच्या चरित्रात जाऊन बसतात. आधुनिक साहित्यविचाराने मात्र या प्रकाराला बौद्धिक कसरतीपलीकडे फारसे स्थान दिले नाही. विषय कवीला आतून सुचावा, बाहेरून लादला जाऊ नये, ही धारणा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की निबंधाला विषय देणारा शिक्षकही मनातून थोडा ओशाळलेला असतो.

छायाचित्रणाच्या क्षेत्रात मात्र दिलेल्या विषयाची प्रतिष्ठा टिकून आहे. ‘सावली’, ‘वाट पाहणे’, ‘हात’ असा एखादा विषय आठवडाभरासाठी घ्यायचा, त्यावर छायाचित्रे काढायची, आठवड्याच्या शेवटी ती चार जणांसमोर ठेवायची आणि त्यांचे बोलणे ऐकून पुढच्या विषयाला लागायचे, हा हौशी आणि व्यावसायिक दोघांच्याही परिचयाचा सराव आहे. त्याकडे केवळ छंदिष्टांचा खेळ म्हणून पाहता येईल. परंतु विसाव्या शतकातील छायाचित्रणाच्या इतिहासात दिलेल्या विषयाने जे घडवले आणि जे बिघडवले ते पाहिले, तर साहित्याच्या अभ्यासकालाही जवळचा वाटेल असा एक प्रश्न समोर येतो. दुसऱ्याने दिलेल्या विषयातून स्वतःची दृष्टी घडते का, आणि घडत असेल तर कोणत्या अटींवर?

आधी छायाचित्रणालाच अशा सरावाची गरज का पडावी, हे पाहू. चित्रकार कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो. कागदावर जे येईल ते त्याने आणलेले असते. छायाचित्रकाराची अडचण याच्या नेमकी उलट आहे. कॅमेऱ्यासमोर सगळे जग आधीच हजर असते आणि भिंग त्यात आवडनिवड करत नाही. १८८८ साली कोडॅकने शंभर छायाचित्रांचे रीळ आधीच भरलेला कॅमेरा बाजारात आणला. रीळ संपले की कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा आणि तयार छायाचित्रे घरी मागवायची, अशी ती सोय होती. रसायने आणि काचेच्या पट्ट्या यांच्याशी झटापट करण्याचे कष्ट संपले, तसा त्या कष्टांमुळे आपोआप येणारा संयमही संपला. आता चित्र काढणे सोपे झाले होते आणि काय काढू नये हे ठरवणे अवघड. ही निवड करायला शिकवणारी शाळा छायाचित्रणाला हवी होती. विषयाचे बंधन हा त्या शाळेचा एक पाठ ठरला.

अशा शाळांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेली शाळा एका निर्वासिताने चालवली. अलेक्सी ब्रोडोविच याचा जन्म १८९८ साली रशियात झाला. यादवी युद्धात तो बोल्शेविकविरोधी श्वेत सैन्यातून लढला आणि पराभवानंतर १९२० साली पॅरिसला पोहोचला. तेथे त्याने घरे रंगवली, डियागिलेव्हच्या बॅले कंपनीसाठी नेपथ्याचे पडदे रंगवले. १९२४ साली एका नृत्यसमारंभाच्या भित्तिचित्रासाठी स्पर्धा झाली, तीत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. दुसरा क्रमांक पिकासोच्या चित्राचा होता, असे सांगितले जाते. १९३० साली तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला शिकवायला गेला. १९३३ साली त्याने तेथे ‘डिझाइन लॅबोरेटरी’ नावाचा प्रगत वर्ग सुरू केला. पुढच्याच वर्षी तो ‘हार्पर्स बझार’ या मासिकाचा कलासंपादक झाला आणि १९५८ पर्यंत त्या पदावर राहिला. १९४१ पासून त्याचा वर्ग न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च’मध्ये भरू लागला. अर्व्हिंग पेन त्याच्याकडे फिलाडेल्फियात शिकला. रिचर्ड अ‍ॅव्हेडन, ईव्ह अर्नोल्ड, गॅरी विनोग्रँड हे न्यूयॉर्कच्या वर्गात येऊन गेले. एकमेकांशी काडीचेही साम्य नसलेले हे छायाचित्रकार एकाच माणसाच्या हाताखालून गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या वर्गाची पद्धत वरवर पाहता अगदी साधी होती. ब्रोडोविच विषय देई. पुढच्या बैठकीला विद्यार्थी त्यावरचे काम घेऊन येत, ते सर्वांसमोर मांडले जाई आणि त्यावर चर्चा होई. कॅमेरा कसा धरावा, उद्भासन किती ठेवावे, हे तो शिकवत नसे. त्याचे बोलणे तुटक असे आणि टीका बोचरी. चांगल्या कामाची व्याख्याही तो करीत नसे. मला चकित करा, हे डियागिलेव्हकडून आलेले मागणे तो विद्यार्थ्यांपुढे ठेवी. भिंगातून पाहताना पूर्वी कोठेतरी पाहिलेले चित्र दिसले तर कळ दाबू नका, हा त्याचा उपदेश त्याच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर रूढ प्रतिमा ओळखून ती टाळण्याचे हे शिक्षण होते. दिलेल्या विषयाचा उपयोग येथे स्पष्ट होतो. वर्गातील सर्वांना एकच विषय दिलेला असला, की पहिल्या झटक्यात सुचलेले चित्र आपल्याखेरीज आणखी दहा जणांना सुचले आहे, हे प्रत्येकाला समोर पाहायला मिळते. एकट्याने काम करणाऱ्याला आपली कल्पना किती सार्वजनिक आहे, याचा पत्ता लागत नाही.

या पद्धतीने काय साधू शकते, हे ईव्ह अर्नोल्डच्या उदाहरणात दिसते. १९१२ साली फिलाडेल्फियात, रशियातून आलेल्या एका ज्यू स्थलांतरित कुटुंबात जन्मलेली ही स्त्री छायाचित्रे धुऊन छापण्याच्या कारखान्यात नोकरी करीत होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती ब्रोडोविचच्या वर्गात आली तेव्हा तिच्यापाशी चाळीस डॉलरचा रोलिकॉर्ड कॅमेरा होता आणि अनुभव जवळजवळ नव्हता. विषय मिळाला फॅशन. मासिकांतील फॅशनच्या छायाचित्रांचा साचा त्या काळी ठरलेला होता: सुसज्ज स्टुडिओ, आखलेला प्रकाश, गोऱ्या वर्णाच्या कृश तरुणी, थिजलेल्या मुद्रा. यातले काहीच तिच्या हाताशी नव्हते. आपल्या मुलाला सांभाळणाऱ्या स्त्रीकडून तिला कळले की हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांचे स्वतःचे फॅशनचे सोहळे होतात. वस्तीतल्याच शिवणकाम करणाऱ्या बायका कपडे बेततात आणि वस्तीतल्याच मुली ते घालून मिरवतात. अर्नोल्ड तेथे गेली. उपलब्ध असेल त्या अंधुक प्रकाशात, रंगमंचाच्या मागे, कपडे बदलण्याच्या धांदलीत तिने छायाचित्रे काढली. अ‍ॅबिसिनियन चर्चमध्ये आपल्या प्रवेशाची वाट पाहत थांबलेल्या शार्लट स्ट्रिब्लिंगचे १९५० सालचे छायाचित्र त्यांपैकीच एक. ‘फॅब्युलस’ या टोपणनावाने ही तरुणी ओळखली जाई.

ब्रोडोविचने ते काम पाहिले आणि याच विषयाचा पाठपुरावा करण्यास सांगितले. आठवड्याचा गृहपाठ संपला आणि दीर्घ कामाला आरंभ झाला. अमेरिकी मासिकांना त्या काळी कृष्णवर्णीयांच्या आयुष्याचे असे चित्रण नको होते. अखेर १९५१ साली लंडनच्या ‘पिक्चर पोस्ट’ने ते छापले, परंतु अर्नोल्डने लिहून दिलेला मजकूर बदलून. चित्राखालचे चार शब्द चित्राचा अर्थ फिरवू शकतात, हा धडा तिने त्यातून घेतला आणि पुढे आयुष्यभर आपल्या चित्रांखालील मजकुराबाबत ती आग्रही राहिली. त्याच वर्षी ‘मॅग्नम’ या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेशी ती जोडली गेली.

या घटनेत विषयाचे कार्य नेमके कोणते, हे तपासून पाहिले पाहिजे. हार्लेमचा विषय ब्रोडोविचने दिला नव्हता. त्याने दिला होता एक चरण. उरलेले तीन अर्नोल्डने रचले, आणि ते रचताना दिलेल्या चरणाचाच अर्थ बदलला. फॅशन म्हणजे कोणाचे सौंदर्य, कोणी ठरवलेले, कोणासाठी मांडलेले, हे प्रश्न त्या छायाचित्रांमुळे शब्दाच्या पोटातून वर आले. जिनसेनाने मेघदूताच्या ओळींचे जे केले, त्याच जातीचे हे काम आहे. केवळ ‘मनाला येईल ते टिपा’ असे सांगितले असते तर अर्नोल्ड हार्लेमच्या त्या सभागृहांत पोहोचली असती, असे वाटत नाही. विषयाने तिची सोपी वाट अडवली, म्हणून तिला दुसरी शोधावी लागली.

तथापि दिलेला विषय नेहमीच असा फलदायी ठरतो, असे मानणे भाबडेपणाचे होईल. याच काळातील दुसरे उदाहरण त्या दृष्टीने बोधप्रद आहे. महामंदीने उद्ध्वस्त झालेल्या ग्रामीण अमेरिकेचे चित्रण करण्यासाठी १९३५ साली तेथील संघराज्य सरकारने एक छायाचित्रण विभाग उभारला आणि रॉय स्ट्रायकर या अर्थशास्त्राच्या अध्यापकाला त्याचा प्रमुख नेमले. स्ट्रायकर आपल्या छायाचित्रकारांना विषयांच्या याद्या पाठवी. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी १९३६ साली झालेल्या चर्चेनंतर त्याने केलेल्या यादीत, निरनिराळ्या उत्पन्नगटांतील माणसे संध्याकाळी घरी काय करतात, हाही एक विषय होता. कल्पना उत्तम होती, आणि या विभागाने जमवलेला चित्रसंग्रह आज अमोल मानला जातो. परंतु विषय देणारा येथे शिक्षक नव्हता, अधिकारी होता. नापसंत ठरलेल्या निगेटिव्हना सुरुवातीच्या वर्षांत तो भोके पाडीत असे. अशा सच्छिद्र निगेटिव्ह हजारोंच्या संख्येने आजही जतन केलेल्या आहेत. वर्गातील टीकेनंतर विद्यार्थी तोच विषय घेऊन पुन्हा बाहेर पडू शकतो. भोक पडलेल्या चित्राला दुसरी संधी नसते.

या विभागातील सर्वांत गाजलेले छायाचित्र नेमून दिलेले काम संपल्यावर काढले गेले, हेही लक्षणीय आहे. १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँग महिनाभराचा दौरा आटोपून घरी परतत होती. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला रस्त्याकडेला दिसली. ती पुढे निघून गेली, सुमारे वीस मैल मनाशी वाद घालत राहिली आणि अखेर गाडी वळवून परत आली. लेकरांना बिलगून घेतलेल्या स्थलांतरित मातेचे जगप्रसिद्ध चित्र त्या परतण्यातून मिळाले. त्या क्षणी तिच्यावर कोणत्याही विषयाची सक्ती नव्हती. पण महिनाभर एकाच गोष्टीकडे पाहत आलेल्या नजरेला ती पाटी ओलांडून जाणे अशक्य झाले, असेही म्हणता येते. सरावाचे फळ सराव संपल्यावर हाती येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

काही प्रकृतींना मात्र दिलेला विषय मुळातच मानवत नाही. डायान आर्बस १९५० च्या दशकाच्या मध्यास ब्रोडोविचच्या वर्गात गेली, पण तेथे तिचे मन रमले नाही. नंतर ती लिझेट मॉडेल या छायाचित्रकर्तीकडे गेली. मॉडेल १९५१ पासून न्यू स्कूलमध्येच शिकवीत होती. मॉडेलचा आग्रह वेगळा होता: विषय तुमच्या पोटात कळ उठवीत नाही तोवर कळ दाबू नका. समाजाने नजरेआड केलेल्या माणसांकडे थेट पाहणारी आर्बसची छायाचित्रे या शिक्षणानंतरची आहेत. यावरून ब्रोडोविचची पद्धत चुकीची ठरत नाही. दोन्ही शिक्षकांनी विद्यार्थ्याची सोपी वाट बंदच केली. एकाने बाहेरून, दुसरीने आतून.

आठवड्याच्या विषयाचा सराव करणाऱ्याला, आणि त्याच न्यायाने लेखनाच्या वर्गात विषय देणाऱ्या शिक्षकाला, या इतिहासातून तीन अटी उचलता येतील. विषय शब्दापुरता असावा. त्याचे उत्तर त्यात दडलेले नसावे. ‘सूर्यास्त’ या विषयावर सूर्यास्ताखेरीज काही येणे कठीण. ‘उशीर’ या विषयावर सूर्यास्तही येऊ शकतो आणि रिकामे बसस्थानकही. दुसरी अट, काम इतरांच्या कामाशेजारी ठेवले जावे, कारण आपला रूढपणा त्या शेजारातच दिसतो. तिसरी अट सर्वांत अवघड आहे. एखाद्या आठवड्याच्या विषयाने खरोखर काही उघडले, तर पुढच्या आठवड्याचा विषय बाजूला ठेवून त्याच्याच मागे जाण्याची तयारी हवी. अर्नोल्डने वेळापत्रक पाळून पुढचा विषय हाती घेतला असता, तर फॅशनवरचा एक चांगला गृहपाठ तेवढा उरला असता.

या तिसऱ्या अटीत शिक्षकाचीही कसोटी असते. विद्यार्थ्याला आपला विषय सापडला हे ओळखून आपण दिलेला विषय मागे घेणे, हे सर्वांना साधत नाही. ब्रोडोविचला ते अर्नोल्डच्या बाबतीत साधले, आर्बसच्या बाबतीत नाही. १९७१ साली फ्रान्समध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या घरांना लागलेल्या आगींत त्याचे स्वतःचे बरेचसे काम त्यापूर्वीच नष्ट झाले होते. आज त्याचे नाव मुख्यतः इतरांच्या छायाचित्रांच्या इतिहासात येते, आणि ज्यांच्या इतिहासात ते येते त्यांच्यापैकी एकाचेही चित्र दुसऱ्याच्या चित्रासारखे दिसत नाही.