रंगाऱ्याची फणी आणि क्युबिस्ट स्थिरचित्र

जॉर्ज ब्राक या फ्रेंच चित्रकाराने सप्टेंबर १९१२ मध्ये, अविन्योंजवळच्या सोर्ग गावी ‘फळांचे भांडे आणि पेला’ हे स्थिरचित्र केले. त्यात फळे, भांडे, पेला कोळशाने रेखाटले आहेत. लाकूड मात्र रंगवलेले नाही. ओकच्या फळीसारख्या रेषा छापलेला भिंतीचा कागद ब्राकने अविन्योंच्या दुकानातून विकत आणला आणि त्याचे तुकडे चित्रावर डकवले. चिकटवलेल्या कागदांच्या आधुनिक चित्रांत हे पहिले मानले जाते.

ही कल्पना कुठून आली, याचे उत्तर कलाशाळेपेक्षा ब्राकच्या घरात सापडते. त्याचे आजोबा आणि वडील घरे रंगवणारे, सजवणारे कारागीर. ल हाव्र या बंदराच्या शहरात तो वाढला आणि याच धंद्यात त्याने रीतसर उमेदवारी केली. साध्या लाकडाला ओकचे, गिलाव्याला संगमरवराचे रूप देणे हे त्या काळी रंगाऱ्याचे नेहमीचे काम. ओल्या रंगावरून दातेरी फणी ओढली की लाकडाच्या शिरा उमटत. दुकानांच्या पाट्यांसाठी साच्यातून अक्षरे उठवली जात. फ्रेंच अकादमीच्या उतरंडीत सतराव्या शतकापासून स्थिरचित्राचे स्थान तळाशी होते. रंगाऱ्याच्या या युक्त्यांना तर त्या उतरंडीत जागाच नव्हती.

ब्राकने त्या कॅनव्हासवर आणल्या. १९११ पासून त्याच्या चित्रांत साच्याची अक्षरे दिसतात, १९१२ मध्ये फणीने काढलेले लाकूड येते. वस्तूंचे पैलू सुटे करून मांडणाऱ्या क्युबिझममध्ये बाटली कुठे संपते आणि टेबल कुठे सुरू होते हेच कळेनासे झाले होते. अक्षरे आणि लाकडाच्या शिरा यांनी नजरेला पुन्हा आधार दिला. फणीची युक्ती पाब्लो पिकासोने ब्राककडून उचलली; पठ्ठ्याने ‘कवी’ या चित्रात तिने माणसाचे केस आणि मिशा विंचरल्या! त्याच वर्षी मे महिन्यात पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड एका लंबगोल स्थिरचित्रावर चिकटवून त्याला दोराची चौकट दिली होती.

तरीही सोर्गच्या चित्रातली चाल अधिक धारदार म्हणावी लागेल. रंगाऱ्याच्या हाताची नक्कल कारखाना रिळांवर छापू लागला होता. नकली लाकूड काढण्यात तरबेज असलेल्या ब्राकने आपले कसब बाजूला ठेवले आणि छापील नक्कलच जशीच्या तशी लावली. त्यामुळे चित्रातली सर्वांत ‘खरी’ वस्तू हीच सर्वांत खोटी ठरते.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्राकला लष्करात बोलावणे आले आणि पिकासोबरोबरचे त्याचे एकत्र काम थांबले. १९१५ मध्ये त्याच्या डोक्याला गंभीर जखम झाली. बरा झाल्यावर त्याने पुन्हा चित्रे काढायला सुरुवात केली आणि १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्थिरचित्र हाच त्याचा मुख्य विषय राहिला.