चंद्रावरचे मनोरे आणि एक पिक्सेल

२० नोव्हेंबर १९६६ रोजी नासाच्या लूनर ऑर्बिटर-२ या यानाने चंद्रावरच्या शांतिसागर नावाच्या मैदानाचा एक फोटो काढला. अपोलोची माणसं उतरवायला सपाट जागा शोधणं, हे त्या यानाचं काम. पण फोटोत काही लांबलचक, टोकदार सावल्या दिसल्या आणि अमेरिकी वर्तमानपत्रांत ‘गूढ आकृत्यां’ची बातमी झळकली. बोइंग कंपनीतल्या विल्यम ब्लेअर यांनी त्या टोकांना रेषांनी जोडून त्रिकोण काढले. अशी रचना पृथ्वीवर सापडली असती तर पुरातत्त्वज्ञांनी लगेच तिथे खणायला घेतलं असतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. बोइंगमधल्याच रिचर्ड शॉर्टहिल यांनी त्यावर सांगितलं, की चंद्रावर असे दगड ढिगाने पडलेत. त्यातले कुठलेही निवडत राहा, कधी ना कधी आकृती जमणारच.

हा वाद मिटून खूप वर्षं झाली, पण ते ‘मनोरे’ अजून फिरतायत. मीरा रोडला आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी चंद्राचा एखादा फोटो येतो, लाल गोल काढलेला. दहावीतला माझा मामेभाऊ मग मला वेगळा मेसेज करतो, “दादा, हे लपवतायत ना?” त्याला हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण हसलो तर तो मला विचारायचं बंद करेल, फोटो बघायचं नाही. म्हणून हा लेख.

आधी सावल्यांचं बघू. ज्यांनी भाईंदरची मिठागरं सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहिलीत, त्यांना माहीत असेल, मिठाच्या बुटक्या ढिगाची सावली दूरवर जाते आणि सपाट जमिनीवर टोकदार कळसासारखी दिसते. सूर्य क्षितिजापासून ६ अंशांवर असेल तर एक मीटर उंच दगडाची सावली साडेनऊ मीटर पडते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे सावलीत विखुरलेला उजेड जवळजवळ नसतो. ती काळीकुट्ट दिसते. वरून बघणाऱ्याला दगड दिसायच्या आधी सावली दिसते आणि डोळा सावलीलाच वस्तू समजतो.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. फोनवर येणारा फोटो बहुतेक वेळा जेपेग असतो. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले बारकावे कापून फाइल लहान करतो. हाच फोटो दहा जणांनी फॉरवर्ड केला, कुणी झूम केला, कुणी कॉन्ट्रास्ट वाढवला, की त्या चौकोनांच्या कडा वर येतात. सरळ रेषा, काटकोन, गल्ल्या, इमारती! हे शहर फाइलमध्ये वसलेलं असतं. लूनर ऑर्बिटरच्या फोटोंना तर जन्मतःच पट्टे होते. यानातच फिल्म धुतली जायची, मग तिचे बारीक पट्टे स्कॅन करून पृथ्वीवर पाठवले जायचे आणि इथे ते शेजारी शेजारी जोडले जायचे.

अर्थात, चंद्रावर शहर दिसायला कॅमेराही लागत नाही. म्युनिकच्या फ्रान्झ फॉन ग्रुइथुइसेन यांनी १८२४ साली जाहीर केलं, की त्यांना लहान दुर्बिणीतून चंद्रावर तटबंदी आणि रस्ते असलेलं शहर दिसलंय. मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या तेव्हा तिथे वेड्यावाकड्या टेकड्या निघाल्या. गंमत म्हणजे याच माणसाने पुढे काही वर्षांत असंही मांडलं, की चंद्रावरचे खड्डे बाहेरून काहीतरी आदळून झाले असावेत. ही कल्पना तेव्हा फारशी कुणी मनावर घेतली नाही.

या दुसऱ्या कल्पनेचं उत्तर आपल्या बुलढाण्यात आहे. लोणारच्या सरोवराचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ वर्तुळाकार आहे. लोककथा म्हणते, तिथे लवणासुर राहायचा आणि विष्णूने त्याला मारलं. भूगर्भशास्त्रज्ञ बराच काळ ते ज्वालामुखीचं काम समजत होते. १९७३ साली अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी तिथल्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच दाखवून दिली आणि प्रश्न निकालात निघाला. चंद्रावरच्या काळ्या मैदानांसारख्याच बेसॉल्टमध्ये पडलेला हा खड्डा आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे आजही लोणारला येतात. ग्रुइथुइसेन यांच्या एकाच डोक्यातून शहरही निघालं आणि आघातही. कुठलं खरं, हे ठरवलं नंतरच्या तपासणीने.

चंद्राच्या फोटोत माणसाने बनवलेली वस्तू शोधून दाखवणाराही एक जण आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला. नासाच्या एलआरओ यानाने काढलेले त्या भागाचे फोटो सगळ्यांसाठी खुले झाले. चेन्नईचे इंजिनिअर षण्मुग सुब्रमण्यन यांनी आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून तपासले. त्यांना एक ठिपका सापडला, जो आधी नव्हता. ठिपका म्हणजे अक्षरशः एक उजळ पिक्सेल, १.३ मीटरचा. त्यांनी नासाला ईमेल केला. नासाच्या टीमने पुन्हा फोटो काढले, जुने ताडून पाहिले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्या नावासकट जाहीर केलं, की हा विक्रमचाच अवशेष आहे.

ब्लेअर आणि षण्मुग, दोघांनीही ठिपक्यांकडे टक लावून पाहिलं. दोघांनाही वाटलं, इथे काहीतरी आहे. फरक पुढच्या पायरीत आहे. षण्मुग यांच्याकडे त्याच जागेचा दुसरा फोटो होता आणि त्यांचं म्हणणं खोटं ठरू शकेल अशी सोय त्यात होती. आधीच्या फोटोतही तो ठिपका असता, तर विषय तिथेच संपला असता. चीनच्या युतू-२ रोव्हरला डिसेंबर २०२१ मध्ये क्षितिजावर चौकोनी ‘झोपडी’ दिसली, तेव्हाही हेच झालं. रोव्हर जवळ गेला आणि जानेवारीत झोपडीचा लहानसा दगड झाला.

मामेभावाला मी आता एवढंच सांगतो, की शंका घे, बिनधास्त घे. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याला एका पिक्सेलमध्ये पाव मीटरच्या आसपास दिसतं आणि इस्रो त्याचा डेटा ‘प्रदान’ या पोर्टलवर खुला करते. एलआरओचे फोटोही मोफत आहेत. लाल गोल दिसला की आधी यानाचं नाव, तारीख आणि जागा विचार. मग तीच जागा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या उन्हात कशी दिसते ते शोध. मनोरा तेव्हाही उभा असेल, तर मला रात्री दोन वाजता उठवलंस तरी चालेल.