जैववैद्यक विज्ञान पदवी (ब्रिटन)

जैववैद्यक विज्ञान पदवी : निरोगी शरीराचे कार्य, रोगामुळे त्यात होणारे बदल आणि त्या बदलांचे प्रयोगशाळेतील निदान यांचा एकत्रित अभ्यास असलेला विद्यापीठीय अभ्यासक्रम. ब्रिटनमध्ये तो ‘बायोमेडिकल सायन्स’ या नावाने ओळखला जातो. ऑनर्ससह हा अभ्यासक्रम इंग्लंडमध्ये बहुधा ३ वर्षांचा, तर स्कॉटलंडमध्ये ४ वर्षांचा असतो. काही विद्यापीठांत मध्ये एक वर्ष रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करता येते.

आरंभी शरीरक्रियाविज्ञान, जीवरसायनशास्त्र, पेशीविज्ञान, आनुवंशिकी व सांख्यिकी हे विषय असतात. पुढे रक्तविज्ञान, रक्तसंक्रमण, प्रतिरक्षाविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र व विकृतिविज्ञान यांची भर पडते. अखेरच्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो. इतके विषय एकत्र का, हे रक्तक्षयाच्या निदानावरून कळते. लोहाची कमतरता आणि थॅलेसेमियाचे वाहकत्व या दोन्हींत तांबड्या पेशी लहान दिसतात. फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) कमी असेल, तर लोहाची कमतरता ठरते. हीमोग्लोबिन ए-२ वाढलेले असेल, तर बीटा थॅलेसेमियाच्या वाहकत्वाकडे बोट जाते. पेशींची मोजणी, रसायन आणि आनुवंशिकी यांचा मेळ घातल्याशिवाय अशा अहवालाचा अर्थ लागत नाही.

या व्यवसायाचे मूळ प्रयोगशाळा साहाय्यकांच्या १९१२ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेत आहे. १९४२ मध्ये तिच्या नावात ‘तंत्रज्ञान’ आले, १९७५ मध्ये त्या जागी ‘विज्ञान’ आले आणि १९९४ पासून ती इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्स झाली. साहाय्यकाचा वैज्ञानिक कसा झाला, हे या नामांतरांतच दिसते. ही संस्था पदव्यांना अधिस्वीकृती देते.

पदवी मिळाली म्हणजे काम करण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे बिरुद ब्रिटिश कायद्याने संरक्षित असून ते लावण्यासाठी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी लागते. त्यासाठीचा रूढ मार्ग म्हणजे अधिस्वीकृत पदवी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील प्रशिक्षणाची नोंदवही. अधिस्वीकृती नसलेल्या पदवीचे मूल्यमापन होते व राहिलेले विषय वेगळे पूर्ण करावे लागू शकतात.

भारतात या कामासाठी डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातील पदविका) व बी.एस्सी. एम.एल.टी. (त्याच विषयातील पदवी) हे अभ्यासक्रम रूढ आहेत. वैद्यकीय प्रयोगशाळांतील व्यावसायिकांचा समावेश २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात करण्यात आला आहे.