दर्यावरच्या दौलतीचा माग

कोकणातले जलदुर्ग पाहायला निघालेला माणूस बहुतेक वेळा मालवणला सिंधुदुर्ग करतो, मुरूडला जंजिरा करतो, दोन ठिकाणी मासळीवर ताव मारतो आणि घाट चढून परत येतो. त्यातला जंजिरा मुळात मराठ्यांचा नाहीच. तो सिद्दीचा होता आणि सिद्दीचाच राहिला. किल्ले असे सुटे सुटे पाहिले की तट, बुरूज आणि तोफा दिसतात, त्यांच्यामागची संस्था दिसत नाही. ही संस्था म्हणजे मराठ्यांचे आरमार. कल्याणच्या खाडीत ते जन्माला आले, विजयदुर्गाच्या खाडीत जळाले आणि पुढेही साठेक वर्षे कसेबसे चालत राहिले. त्याच्या वाढत्या वयाच्या क्रमाने किनारा पाहिला तर तेच किल्ले बोलू लागतात.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि शिवाजीमहाराजांच्या हाती पहिल्यांदा खारे पाणी लागले. मागच्या डोंगरात सागवान, पुढे उल्हास नदीची खाडी. जहाजे बांधायला याहून सोयीची जागा नव्हती. जहाजबांधणीत मुरलेले पोर्तुगीज कारागीर सुरुवातीला कामाला लावले होते. ही जहाजे उद्या आपल्याच उरावर बसतील हे वसईच्या पोर्तुगीजांनी ओळखले आणि आपली माणसे फूस लावून परत नेली. मग काम इथल्याच सुतार-लोहारांनी आणि कोळी-भंडाऱ्यांनी उचलले. आज कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर देवीच्या दर्शनाला गर्दी असते, खाली पुलावरून वाहनांची रांग हलत असते. आरमाराची खूण सांगणारे तिथे फारसे काही उरलेले नाही, तरी वाट इथूनच सुरू करावी. हे आरमार खाडीतले होते, हे तिथे नीट कळते. उथळ पाण्यात चालणारी, तळाला चपटी गलबते, वारा पडला की वल्ही, आणि गुराब नावाच्या मोठ्या जहाजांना खेचून नेण्याचे काम याच गलबतांचे. खोल समुद्रात युरोपीय जहाजांशी तोफांचा सामना करायचा नाही, त्यांना किनाऱ्याजवळ गाठायचे, पिछाडीने भिडायचे, हे तंत्र या घडणीतूनच आले.

मालवणला किल्ल्याच्या होडीत बसण्याआधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहावा. खडकावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा इथे झाली. होडीवाल्यांच्या गडबडीत बहुतेकांचा हा धोंडा राहूनच जातो. पाया भरून तीन महिने होत नाहीत तोच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज मालवणहून बसरूरच्या मोहिमेला समुद्रमार्गे निघाले. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात त्या ताफ्यात ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे असल्याची नोंद आहे. म्हणजे किल्ला उभा राहण्याआधी ताफा उभा होता. जलदुर्ग हे त्या ताफ्याचे घर. घरासाठी ताफा बांधला नाही. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे आणि राजारामांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. हे सगळे वाटाडे दाखवतातच, त्यामुळे लांबण लावत नाही.

माझ्या मते या वाटेवरचे सर्वात मोलाचे ठिकाण पद्मदुर्ग. मुरूडच्या समुद्रात, जंजिऱ्याच्या जवळच, कांसा नावाच्या खडकावर. पर्यटक जंजिऱ्याच्या शिडाच्या होडीतून तो लांबूनच पाहतात, कारण तिथे उतरणे लाटांच्या मर्जीवर असते. उतरायला मिळाले तर तटाजवळ जाऊन बघा. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या माऱ्याने दगड झिजून आत गेला आहे आणि दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलेला आहे. अख्खा तट मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. दगड हरला, चुना टिकला. तो चुना कसा मळला असेल यावर पुष्कळ कथा ऐकायला मिळतात, पण डोळ्यांना दिसते तेवढे पुरेसे आहे.

हा किल्ला बांधणे म्हणजे रोज सिद्दीच्या तोफांसमोर काम करणे होते. अशा वेळी रसद आणि पैसा वेळेवर पोचवणे हे सुभ्याचे काम. ते झाले नाही म्हणून महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराची कडक शब्दांत हजेरी घेतली, ते जानेवारी १६७५ चे पत्र उपलब्ध आहे. आरमार म्हटले की आपल्याला तलवारी आणि शिडे आठवतात. त्या पत्रात आहे ती दिरंगाई, कोठारे आणि कामचुकार अधिकाऱ्यांवरचा संताप. इतक्या आटापिट्यानंतरही जंजिरा मिळाला नाही. सोनकोळ्यांच्या लाय पाटलांनी जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मागून यायची कुमक आलीच नाही, ही हकीकत मुरूडमध्ये अजून सांगतात.

खांदेरीला अलिबागजवळच्या थळहून जातात. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडाऱ्याने हे मुंबईच्या तोंडावरचे बेट गाठून तट घालायला घेतला. इंग्रज अस्वस्थ झाले, कारण खांदेरीवर बसलेला माणूस मुंबईत शिरणारे प्रत्येक गलबत मोजू शकत होता. ऑक्टोबरमध्ये लढाई झाली, इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ने मात्र तग धरला. पण खरी लढाई रोज रात्री होत होती. इंग्रजांची जहाजे खोल पाण्यात नांगरलेली, आणि थळच्या बाजूने मराठ्यांच्या लहान होड्या काळोखात दगड, धान्य, माणसे बेटावर पोचवत होत्या. मोठ्या जहाजांना त्यांच्या मागे उथळात जाता येईना. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. बेटावर वेताळाचे देऊळ आहे, १८६७ मधला दीपस्तंभ आहे, आणि दगडाने ठोकला की भांड्यासारखा वाजणारा एक खडक आहे. मुलांना तोच सर्वात आवडतो.

यानंतरचा तीस वर्षांचा भरभराटीचा काळ कान्होजी आंग्र्यांचा. हर्णैच्या सुवर्णदुर्गावर त्यांची उमेदवारी झाली. त्या किल्ल्याच्या दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आजही आहे. १६९८ मध्ये सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, हाती आल्यावर त्यांनी एक साधा नियम घातला: या किनाऱ्यावरून व्यापार करायचा तर आमचे दस्तक घ्या. आमच्या जहाजांना दस्तक कसले, असे इंग्रजांचे म्हणणे, आणि सगळी भांडणे तिथून. ज्याला त्यांनी चाचेगिरी म्हटले ती आपल्या पाण्यावरची जकात होती. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर, १७२० मध्ये विजयदुर्गावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. तिन्ही वेळा हात हलवत परतले. कान्होजींची समाधी अलिबाग शहरात आहे. समुद्रावरून परत जाताना वाट थोडी वाकडी करून ती पाहावी, तिथे गर्दी नसते.

१७२९ मध्ये कान्होजी गेले आणि मुलांमध्ये घर फुटले. मानाजी कुलाब्याला, संभाजी आणि नंतर तुळाजी विजयदुर्गाला. तुळाजी पुण्याला जुमानेना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याला वठणीवर आणायला मुंबईकर इंग्रजांशी करार केला. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाईव्ह विजयदुर्गापुढे उभे राहिले. तोफेचा गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडले होते. त्याने पेट घेतला, शेजारी एकमेकांना बांधलेली गुराबे-गलबते पेटत गेली आणि कान्होजींनी उभा केलेला ताफा नांगरावरच राख झाला. पेशव्यांना पुढे किल्ला मिळाला, बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेला. घरातले भांडण मिटवायला बाहेरचा आणला आणि त्याने घरच जाळले, याहून सौम्य शब्दांत मला हे सांगता येत नाही. त्या जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ तीन कोनांचा मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. लंडनच्या मराठी मंडळींना तो चालत चढून पाहता येतो.

विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी पाहून लोक थक्क होतात, आणि त्यात गैर काही नाही. पण वाघोटण खाडीतून आत, गिर्ये गावाच्या हद्दीत आरमाराची गोदी आहे, तिथे क्वचितच कोणी जाते. खडक फोडून केलेली ही जागा भरतीला भरते. ओहोटी लागली की पाणी उतरते आणि जहाज कोरडे पडते, की डागडुजी सुरू. पंप नको, यंत्र नको. गिर्ये-विजयदुर्ग रस्त्यावरच्या रामेश्वर मंदिरात संभाजी आंग्र्यांची समाधी आहे आणि आनंदराव धुळपांनी पोर्तुगीज जहाजावरून आणलेली म्हणून सांगितली जाणारी घंटाही. हे धुळप म्हणजे आगीनंतरचे आरमार. १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले होते, म्हणजे धुगधुगी होती. १८१८ मध्ये पेशवाईबरोबर तीही विझली. (किल्ल्यावर हेलियमचा शोध लागल्याची गोष्ट ऐकवली जाईल. १८६८ च्या त्या ग्रहणानंतर सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा पाहणारा लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. गोष्ट गोड आहे, एवढेच.)

कुलाब्याचे आंग्रे संस्थान १८४० च्या सुमारास खालसा झाले. ओहोटीला अलिबागहून चालत किल्ल्यात गेलात की गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा भेटतात, लोक त्यांच्याशेजारी उभे राहून आंग्र्यांच्या तोफा म्हणून फोटो काढतात. जवळ जाऊन वाचा: यॉर्कशायरच्या लोहकारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. कुलाबा, पद्मदुर्ग आणि गिर्येची गोदी त्या यादीत नाहीत, आणि तिघांपैकी गोदीची काळजी जास्त वाटते, कारण तट नसलेल्या जागेला वारसा मानायची आपल्याला सवय नाही. जायचे तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. कुलाब्यासाठी आणि गोदीसाठी भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी कोळीवाड्यात विचारून घ्या.