वेताळ नेमका कुणाचा?

गोव्यातल्या वाचकाला वेताळ कोण हे सांगायची गरज नाही. आमोणे, प्रियोळ, लोलये, पैंगीण अशा कितीतरी गावांत त्याचे ठाणे आहे. रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो, राखण करतो आणि चालून चालून त्याच्या वाहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वाहाणा अर्पण करण्याची चाल. सीमेपलीकडे आरवलीच्या वेतोबापुढच्या त्या अजस्र वाहाणा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. पण माझ्या पिढीला आणखी दोन वेताळ ठाऊक आहेत. एक चांदोबातला, विक्रमराजाच्या खांद्यावरचा. दुसरा इंद्रजाल कॉमिक्समधला, जांभळ्या घट्ट पोशाखाचा, कमरेला दोन पिस्तुले आणि बोटात कवटीची अंगठी असलेला. लहानपणी हे तिघेही माझ्या डोक्यात गुण्यागोविंदाने नांदत होते. एकाच नावाचे तीन शेजारी असावेत तसे.

त्यांचे भांडण लागले ते काही वर्षांपूर्वी माळव्यात. धार आणि देवास ही दोन गावे मराठी माणसाने एकदा तरी पाहावीत अशी. धारच्या किल्ल्यात 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवास तर गंमतीचे संस्थान. 1728 च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी तिथे बस्तान बसवले आणि पुढे एकाच गावात थोरली पाती नि धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. दोन राजे, दोन दरबार आणि मध्ये चामुंडेची टेकडी. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार चिटणीस म्हणून राहिला. त्याच्या त्या आठवणींच्या पुस्तकाला या टेकडीचेच नाव आहे. आणि 1948 साली क्षयाने आजारी कुमार गंधर्व हवापालटासाठी आले ते याच देवासला. ते कायमचेच.

मी ज्या मराठी घरी उतरलो होतो तिथे जेवणानंतर नानांनी, म्हणजे घरातल्या वडील माणसाने, इंद्रजालचे बांधलेले खंड काढून दाखवले. काही मराठी, बरेचसे हिंदी. त्यांचा पुतण्या तिशी-पस्तिशीतला. तो नागराज, सुपर कमांडो ध्रुव आणि डोगा यांच्यावर वाढलेला. ही राज कॉमिक्सची मंडळी पूर्ण हिंदीतली. खंड उघडताच त्याने तोंड उघडले.

"नाना, तुमचा वेताळ आता कोण वाचणार? एक गोरा साहेब आफ्रिकेच्या जंगलात कवटीच्या गुहेत बसतो आणि चारशे वर्षं काळ्या लोकांचे तंटे सोडवतो. त्यांना स्वतःचे तंटे सोडवता येत नव्हते काय?"

"अरे, तू पुढचे अंक वाचलेस कुठे? बंगाला स्वतंत्र झाला, तिथे लुआगा राष्ट्राध्यक्ष झाला. काळाच माणूस आहे की तो. वेताळ कधी गादीवर बसला काय?"

"गादीवर न बसता राज्य करून राहिला तो, हेच म्हणतोय मी."

पुतण्याचा मुद्दा बिनतोड होता असे माझे मत आहे. नानांचाही अगदीच टाकाऊ नव्हता. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 साली फँटम निर्माण केला तेव्हा वसाहतींचे जग शाबूत होते. पुढे ते कोसळले आणि 1999 साली मरेपर्यंत मालिका लिहीत असलेल्या फॉकला आपल्या नायकाची खुर्ची थोडी थोडी सरकवावी लागली. लुआगा हे त्याचेच फळ. मात्र बांदार बुटक्यांचा तो रक्षक राहिला तो राहिलाच.

नानांची स्वतःची तक्रार निराळीच होती. 1977 साली वेताळाचे डायनाशी लग्न लागले आणि दोन वर्षांनी जुळी मुले झाली. "तिथेच संपला तो. भुताला कुठे बारसं करताना पाहिलं आहेस?" यावर आतून काकूंचा आवाज आला की डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी मिळवती बाई होती, तिच्यामुळेच ते पुस्तक घरात येऊ देण्यासारखे झाले. पुढे चित्रकारांवर वाद. विल्सन मॅकॉयची भाबडी, जाड रेषेची चित्रे खरी, की 1961 नंतर आलेल्या साय बॅरीची सफाईदार? मग बहादूर आला. आबिद सुरती यांनी 1976 साली उभा केलेला, दरोडेखोराचा मुलगा, अंगात भगवा कुडता नि खाली जीन्स. तो आमच्या चंबळचा, म्हणजे मध्य प्रदेशचा, असा नानांचा हक्क. पुतण्या म्हणाला, मग बहादूरच का नाही टिकला? यावर नाना गप्प. पण पुतण्याच्याही पायाखालची जमीन फार घट्ट नव्हती. नागराज 1986 साली आला तेव्हा अतिरेक्यांनी विकत घेतलेले हत्यार होता आणि गोरखनाथांमुळे सुधारला. ही सुरुवात मला फार दमदार वाटते. पुढे 'नागायण', मग सगळ्या नायकांना एकत्र कोंबणारी 'सर्वनायक' मालिका, मग प्रकाशक भावांची फारकत. "आता कुठं चाललंय, त्यांनाच ठाऊक," हे त्याचेच शब्द.

हा सगळा वाद ऐकताना मला राहून राहून वाटत होते की या भूमीला हा विषय नवा नाही. देवासपासून उज्जैन जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. धार तिकडे इंदूरच्या पश्चिमेला. या त्रिकोणात हजार वर्षे एकच मालिका चालली आहे, तिचा नायक विक्रम. आणि मालिका म्हटली की बदल आलाच. आपल्याला वेताळाचा राजा उज्जैनचा म्हणून माहीत. पण अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला त्यात हा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण! पुढच्या आवृत्त्यांत तो सरळ उज्जैनचा विक्रमादित्य होऊन गेला. पैठणच्या जुन्या वाचकांनी तेव्हा कुरकुर केली असेल का? मला तरी वाटते, केली असेल.

त्याहून मजेशीर कथा धारची. भोजराजा हा इतिहासातला पक्का माणूस. परमार वंशातला, साधारण 1010 ते 1055 या काळात धारेवर राज्य केलेला, ताम्रपट असलेला, स्थापत्यापासून काव्यशास्त्रापर्यंतचे ग्रंथ ज्याच्या नावावर आहेत असा. उलट विक्रमादित्य नेमका कोण यावर पंडितांचे अजून एकमत नाही. पण 'सिंहासन बत्तिशी'त काय होते पाहा. एका ब्राह्मणाच्या शेतात माच आहे. तो माचावर चढला की उदार होतो, खाली उतरला की कंजूष. भोज ती जागा खणतो तर विक्रमाचे सिंहासन निघते, बत्तीस बाहुल्यांचे. भोज बसायला जातो की एक बाहुली बोलू लागते: विक्रमाने अमुक केले, तुझ्या अंगी तेवढे औदार्य असेल तर बस. भोज थांबतो. दुसऱ्या वेळी दुसरी बाहुली. लोकांत रूढ असलेल्या कथेत शेवटी सिंहासन आकाशात उडून जाते आणि भोज खालीच राहतो. म्हणजे खरा, पराक्रमी, विद्वान राजा धारेचा, पण गोष्टीत त्याची जागा श्रोत्याची. त्या बत्तीस बाहुल्या म्हणजे नानांसारखे जुने वाचकच की! नवा नायक पायरी चढू लागला की जुन्या अंकातले दाखले काढून त्याला खाली उतरवणारे. धारचे पवार स्वतःला परमारांचे वंशज मानतात, म्हणजे त्यांनी उतरून घेतलेला वारसाही त्याच पायरीवरचा.

आता नावाकडे येऊ, कारण गोवेकराला त्यातच जास्त रस. मुंबईच्या टाइम्स समूहाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केले तेव्हा फँटमला हिंदीत वेताल आणि मराठीत वेताळ म्हटले गेले. बंगालीत तो 'अरण्यदेव' झाला, तेही नाव झकास आहे. पण विक्रमाचा वेताळ आणि हा फँटम यांचे काय साम्य? तो वेताळ झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरणारा, बोलका, वादपटू. स्वतःच्या पायांनी चालणे त्याला ठाऊक नाही, राजाच्या खांद्यावरून जातो. फँटमचे मूळ बिरुद मात्र चालणाऱ्या भुताचे, हिंदीत 'चलता-फिरता प्रेत'. रात्री फिरणारा, सीमा राखणारा, पिढ्यान्‌पिढ्या न मरणारा. हे वर्णन उज्जैनच्या वेताळाचे नाही, आमोण्याच्या आणि पैंगीणच्या वेताळाचे आहे. नाव ठेवणाऱ्याच्या मनात कोकणातला वेतोबा होता असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही, पण नाव बसले ते आपल्याच देवाच्या मापाने.

आणखी एक. मालिकेप्रमाणे पहिला फँटम 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागला. त्या वर्षी गोव्यात पोर्तुगीजांना येऊन सव्वीस वर्षे झाली होती आणि या समुद्रावर त्यांचीच गलबते फिरत होती. मुळात तो देशही 'बेंगाली' नावाचा, आशियाच्या अंगाला झुकणारा. इंद्रजालने भारतीय वाचकाच्या भावना दुखावू नयेत म्हणून बेंगालीचे 'डेंकाली' केले, सिंग चाच्यांचे 'सिंगा' केले, बापाला मारणाऱ्या रामाचे 'रामलू' केले. सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण तिच्यामुळे आपल्या हातात आला तो कुठलाच नसलेला नायक. आपल्याच समुद्राची गोष्ट आपल्याला ओळखू आली नाही.

इंद्रजालच्या जन्मकाळी त्या कचेरीत अनंत पै नावाचे गृहस्थ होते. कारकळचे, म्हणजे आपल्या कोकणी मुलखाच्या दक्षिण टोकाचे. 1967 साली मुले ग्रीक पुराणे सांगतात पण रामाची आई कोण ते त्यांना सांगता येत नाही हे पाहून त्यांनी 'अमर चित्र कथा' काढली. विक्रमादित्यही त्यात आला आणि राजा भोजही, स्वतंत्र पुस्तकाचा नायक म्हणून. बत्तीस बाहुल्यांनी अडवलेला राजा शेवटी तिथे बसला म्हणायचा.

इंद्रजाल 1990 साली बंद पडले. चांदोबाही पुढे थांबला. विक्रम-वेताळाचे ते प्रसिद्ध चित्र काढणारे शंकर 2020 साली गेले. देवासच्या त्या घरात नानांचे मराठी खंड खालच्या फळीवर आहेत. पुतण्याला लिपी येते, मराठी बोलतोही, पण गोष्ट म्हणून काही वाचायचे झाले तर हात हिंदीकडे जातो. लिपी एकच असल्याने हे बदलणे कुणाला दिसतही नाही. आपल्याकडे निदान मुले इंग्रजीकडे गेली की अक्षरच वेगळे दिसते. नाना वेताळासाठी इतके का भांडतात हे मला त्या फळीकडे पाहून कळले. तो त्यांनी मराठीत वाचलेला शेवटचा नायक आहे.

निघताना मी पुतण्याला आपल्या वेताळाच्या वाहाणांची गोष्ट सांगितली. रात्रभर चालतो, टाचा झिजवतो, सकाळी झिजलेल्या वाहाणा दिसतात असे लोक मानतात वगैरे. त्याने विचारले, "मग याच्यावर कॉमिक का नाही काढलं कोणी?" नाना म्हणाले, "काढलं तर त्याचं लग्न लावू नका म्हणावं."