शब्दवेध : वाकळ आणि गोधडी

जुन्या लुगड्यांचे थर रचून शिवलेल्या पांघरुणाला मराठीत दोन नावं आहेत. ‘वाकळ’ संस्कृत ‘वल्कला’पासून आली. वल्कल म्हणजे झाडाची साल, आणि सालीचं वस्त्रही. जोडाक्षरातला ‘ल’ गळाला, ‘व’ दीर्घ झाला, शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ झाला. ‘गोधडी’ची भावंडं शेजारच्या भाषांत सापडतात : हिंदीत ‘गुदडी’, गुजरातीत ‘गोदडी’. हिंदीत ‘गूदड’ म्हणजे चिंध्या.

गुजरातच्या सीमेला टेकलेल्या पालघर जिल्ह्यात ‘गोधडी’ या शब्दाची घसट मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांशी. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत. नवं कापड तिथे मीटरवर मोजलं जातं. गोधडीचं काम मात्र जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुतीवर चालतं. विरलेले तुकडे आत जातात, धड पदर वर येतो. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्याकडे सरकतो.

हे शिवणकाम कुठल्या पुस्तकातून शिकलं जात नाही. आजी एका टोकाला बसते, नात दुसऱ्या. टाका किती लांब घ्यायचा ते नजरेला कळतं. बाजारातलं ब्लँकेट ऊब देईल, ही शिकवणी देणार नाही. म्हणून घरात शिवणारी बाई असेल, तर तिच्या तोंडचे टाक्यांचे, थरांचे, काठांचे शब्द आजच लिहून घ्या. कोशात न पोचलेली मराठी तिच्यापाशी आहे.